शाळेबाहेरचं वाचन

(तुडीलच्या पुढे, सावित्रीकाठच्या वाडीतली चौथीपर्यंतची शाळा. मुलं घरी गेली आहेत.)

उज्वला : म्हणजे परीक्षेचा उतारा मी आधीच फोडला, असंच म्हणायचंय ना तुम्हाला? मग सरळ म्हणा, अश्वजितसर. कशेडी घाटाची वळणं कशाला घेताय?

अश्वजित : मी नाही म्हणत, बाई. आकडे म्हणतात.

उज्वला : आकड्यांना तोंड नसतं. बोलताय तुम्ही.

अश्वजित : बरं, मीच विचारतो. मुलांची वाचनाची परीक्षा मंगळवारी होती. उताऱ्याचं पाकीट तुमच्याकडे सोमवारीच आलं. खरं?

उज्वला : खरं. सोमवारी मोरीवरून पाणी जात होतं. उद्या रस्ता राहतो की नाही म्हणून तुमच्याच माणसाने आदल्या दिवशी आणून टाकलं. मी कपाटात ठेवलं, किल्ली माझ्या पर्समध्ये. मंगळवारी चौदा मुलांच्या देखत पाकीट फोडलंत ते तुम्ही.

अश्वजित : फोडलं. पण चिकटपट्टी काय, काढून कुणीही परत लावतं. जिल्ह्याला, अलिबागला, असंच म्हणणार. उद्या अकराला बैठक आहे. मी काय सांगू तिथे?

उज्वला : मुलं वाचायला शिकली, असं सांगा.

अश्वजित : कशाने शिकली? सगळं त्याच्यावरच तर अडलंय. आठ शाळा घेतल्या आम्ही. पोलादपूरकडच्या चार शाळांत रोज एक तास जादा वाचन, त्याला वेगळी वाचनताई. तुमच्यासारख्या चार शाळा होत्या तशाच ठेवल्या, तुलनेसाठी. जुलैच्या सुरुवातीला मोजलं, आता परत मोजलं. तासवाली मुलं मिनिटाला सतरा शब्दांनी पुढे गेली. बिनतासाच्या तीन शाळा आठ शब्दांनी. आणि तुमची?

उज्वला : सांगा की.

अश्वजित : एकोणतीस.

उज्वला : एकोणतीस? माझी मुलं?

अश्वजित : तुमची मुलं.

उज्वला : आणि मी वेडी, तुम्ही शाबासकी द्यायला आलात असं समजून चहात आलं किसून घातलं.

अश्वजित : बाई, तुमची शाळा धरली की बिनतासाची सरासरी तेरावर जाते. एकीकडे सतरा, एकीकडे तेरा. चार शब्दांसाठी रोजचा तास नि चार वाचनतायांचं मानधन कोण देईल? उद्या दुपारी तास बंद. आंबेनळी घाटाच्या पायथ्याला एक शाळा आहे, तिथली तिसरीची मुलं आत्ता कुठे जोडाक्षराशी थांबायची बंद झालीत. त्यांचं काय?

उज्वला : आणि येत्या जूनपासून आम्हाला तास देणार होतात, तो?

अश्वजित : तासच उरला नाही तर तुम्हाला कुठून?

उज्वला : तुम्ही त्या मुलांना काहीही वाचायला द्या हो. औषधाची बाटली द्या, एसटीचं तिकीट द्या. फोडलेला उतारा पाठ केलेलं मूल तिथे उघडं पडेल.

अश्वजित : दिलं की. आत्ता येताना नळावर शाळा समितीच्या रावजींची नात भेटली, श्रुतिका. जुलैमध्ये 'कमळ' वाचताना रडलेली पोरगी. तिच्या हातात माझा कालचा पेपर दिला. घाटात दरड आली त्याची बातमी. वाचली घडाघडा.

उज्वला : मग? तो पेपरही मीच फोडला का?

अश्वजित : म्हणून तर तुमच्यासमोर बसलोय. नाहीतर काय लिहायचं ते लिहून मोकळा झालो असतो. पण ती वाचते कशी, ते ऐकलंत का तुम्ही? पूर्णविरामाला थांबते. चांगला श्वास घेऊन. आणि बातमी संपल्यावर तिने पेपरची घडी घातली, कपाळाला लावली नि हात जोडले. दरडीच्या बातमीला, बाई!

उज्वला : हात जोडले?

अश्वजित : परीक्षेतही तेच. बकरी नि पुलाची गोष्ट होती. संपली की पाच-सहा जणांनी हात जोडले. एक जण तर "साधु, साधु, साधु" म्हणाला. बकरीला! तेव्हा मी हसलो. आता हसू येत नाही. उद्या कुणी विचारलं, शाळेच्या वेळात बाई काय घेतात, तर?

उज्वला : शाळेच्या वेळात मी काही घेत नाही. माझं जे आहे ते पहाटे घरी... थांबा. थांबा जरा. अगं बाई.

अश्वजित : काय झालं?

उज्वला : वर्षावास.

अश्वजित : त्याचं काय?

उज्वला : आषाढी पौर्णिमेपासून विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ लावलाय. दरवर्षी लागतो. तुमच्या महाडात नाही का लागत?

अश्वजित : लागतो. आई जाते. पण तिथे मोठी माणसं वाचतात.

उज्वला : इथेही रामजीबाबा वाचायचे. यंदा त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. बाकीचे वाचणारे मुंबईला. म्हणून मग मुलं वाचतात. पण श्रुतिका कशी? ती तर वरच्या वाडीतली, तिकडचं कुणी विहारात येत नाही.

अश्वजित : श्रुतिकाचं राहू द्या. मुलं रोज वाचतात? आषाढी पौर्णिमेपासून?

उज्वला : रोज. अजून आठ दिवस, अश्विन पौर्णिमेपर्यंत.

अश्वजित : आणि हे तुम्हाला माहीत होतं.

उज्वला : होतं.

अश्वजित : मग हा कागद बघा. तिसरा रकाना. 'शाळेबाहेर मुलांना कुणी वाचन शिकवते का?' खाली अक्षर तुमचंच ना?

उज्वला : माझंच.

अश्वजित : काय लिहिलंय?

उज्वला : नाही.

अश्वजित : मोठ्याने म्हणायला सांगत नव्हतो. का लिहिलंत, ते विचारतोय.

उज्वला : शिकवतं कुठे हो कुणी? तिथे खडू नाही, फळा नाही, गृहपाठ नाही. वंदना आहे ती. मी रोज सकाळी त्रिसरण, पंचशील घेते, ते कुठल्या कागदावर व्यायाम म्हणून लिहीन का? तसंच हे. पेन हातात घेतलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे महाडातले क्लास आले. आमच्या वाडीत कसला क्लास, म्हणून 'नाही' लिहिलं. विहार मनातसुद्धा आला नाही, सर. शपथ नाही घेत मी, पण खरं सांगते.

सोनाबाई : बाय गो, हायस का? सतरंजी पायजे शाळंची. पुनवेला विहारात मानसं लय येनार. अगो बाई, ह्यो कोन बसलाय? साहेब?

उज्वला : या, सोनाआजी. जय भीम. साहेब नाहीत, अश्वजितसर. महाडचे. मुलांचं वाचन मोजतात.

सोनाबाई : वाचन मोजतो? कशानं रे, पायलीनं?

अश्वजित : घड्याळाने, आजी. जय भीम. बसा. मला एक सांगा, विहारात मुलांना वाचायला कोण शिकवतं?

सोनाबाई : कोन नाय शिकवत. पोरां वाचत्यात.

अश्वजित : आणि चुकली तर?

सोनाबाई : मी सांगते.

अश्वजित : म्हणजे तुम्हाला वाचता येतं.

सोनाबाई : छ्या! मी अजून अंगठा उठवते.

अश्वजित : मग चूक कशी कळते तुम्हाला?

सोनाबाई : ऐकू येते. चाळीस वर्सावास त्या ग्रंथाम्होरं बसलीय मी. आधी सासरा वाचायचा, मंग रामजी भावजी. मला अक्षर नाय दिसत, पन वाट पायाखालची हाय. पोरगं खड्ड्यात गेलं की मला आधी कळतं.

अश्वजित : मग काय करता?

सोनाबाई : म्हनते, बाळा, परत. परत चुकला, परत. सगली वाडी गप बसते. हसायचं नाय, आनि बाजूच्यानं कानात फुकायचं पन नाय. बरोबर आलं का म्होरं. एकदा त्या सुशांतनं एकाच वळीत सात खेपा घातल्या. आठव्याला आला बरोबर. कोन उठला नाय तवर.

अश्वजित : हे सगळं किती वेळ चालतं?

सोनाबाई : दिवा लागला का सुरू, टीवीवर सातची मालिका लागंस्तवर. बायकांना घाई असते रे, मी काय करू.

उज्वला : अर्धा तास. साडेसहा ते सात.

अश्वजित : अर्धा तास. आणि मी पोलादपूरला रोज पूर्ण तास देतोय.

उज्वला : रागावू नका सर, पण तुमच्या तासात एका मुलाच्या तोंडून किती वाचन होतं? ते मोजलंत कधी?

अश्वजित : तास मोजला.

उज्वला : तास नाही. मूल.

अश्वजित : बावीस मुलं आहेत तिथे. हजेरी होते, कार्डं वाटायची, गोळा करायची. ताई वाचते, मुलं मागून म्हणतात. एकट्याने वाचणं म्हणाल तर... दोन मिनिटं. एखाद्या दिवशी तीही नाहीत. मी बसलोय ना मागच्या बाकावर. बघितलंय मी.

उज्वला : इथे नऊ-दहा मुलं असतात. अर्धा तास. प्रत्येकाच्या वाट्याला तीन मिनिटं, आणि ती तीन मिनिटं अख्खी वाडी त्या एकाचं ऐकत असते.

अश्वजित : दोन आणि तीन. तेवढाच फरक नाही हा. चूक झाली की तिथल्या तिथे, बरोबर येईपर्यंत. आणि एकही दिवस खाडा नाही. बाई, माझ्या तक्त्यात याला रकानाच नाही हो.

सोनाबाई : सतरंजी देतेस ना गो?

उज्वला : देते, आजी. जरा थांबा. सर, मग आता काय करायचं?

अश्वजित : दोन वाटा आहेत. एक सोपी. मी लिहितो, 'अतिवृष्टीमुळे मोजणी विस्कळीत, शाळा वगळावी.' तुमची शाळा बाजूला होते. सतरा नि आठ उरतात. पोलादपूरचा तास वाचतो. तुमच्या कागदाला कुणी हात लावत नाही. आणि पावसात सापडलेल्या शाळेला जूनमध्ये तास मिळतो, तसा नियम आहे.

उज्वला : आणि दुसरी?

अश्वजित : तुम्ही दुरुस्ती लिहून द्यायची. माझा कागद चुकला, मुलं रोज विहारात वाचत होती. शाळा तरीही बाजूलाच होते, पोलादपूरचा तास तरीही वाचतो. पण चुकीची माहिती दिली म्हणून तुम्हाला नोटीस येणार. आणि अशा शाळेला जूनचा तास नाही. दोन वर्षं नाही.

सोनाबाई : म्हंजे खोटं लिवलं तर सगल्यांचं बरं, नि खरं लिवलं तर आमच्याच पोरांचं वाईट? कुनी काढला रे असला नियम?

अश्वजित : मी नाही काढला, आजी.

सोनाबाई : काढनारा कदीच समोर नसतो.

उज्वला : सर, मंगळवारी पाऊस नव्हता.

अश्वजित : सोमवारी होता. एका दिवसाने काय बिघडतं?

उज्वला : मंगळवारी लख्ख ऊन होतं. मुलांनी परीक्षा व्हरांड्यात दिली, उन्हात.

अश्वजित : बाई, मी तुम्हाला वाचवतोय.

उज्वला : कळतंय मला. तुमचं मन चांगलं आहे. पण मघाशी तुम्ही म्हणालात ना, याला माझ्या तक्त्यात रकाना नाही? पाऊस लिहिलात तर तो रकाना कधीच येणार नाही. पोलादपूरच्या मुलांचा तास राहील, पण दोन मिनिटांचाच राहील. कुणी विचारणारच नाही की एकेका मुलाचं कोण ऐकतं म्हणून.

अश्वजित : तुमची नोकरी किती वर्षं राहिली?

उज्वला : नऊ.

अश्वजित : सेवापुस्तकात एकही डाग नाही. मी बघून आलोय.

उज्वला : सकाळी उठून चौथं शील म्हणते मी, सर. खोटं बोलण्यापासून दूर राहीन. उद्या पहाटे म्हणताना तिथे जीभ अडखळली, तर माझी चूक कोण धरणार? कागद द्या.

अश्वजित : हा घ्या. वर तुमचं नाव. मग मुलांची नावं, रोजचा वेळ. खाली दोन सह्या. तुमची, नि शाळा समितीच्या अध्यक्षांची.

उज्वला : अध्यक्ष रावजीबाबा आहेत. करतील सही. आजी, मुलांची नावं सांगा. सुशांत, अक्षदा, पुढे?

सोनाबाई : अक्षदाचा भाव. श्रीपतची दोघं. ठकूबाईची नातवंडं तीन. कुशाबाचं धाकलं. किती झाली?

उज्वला : नऊ.

सोनाबाई : आनि श्रुतिका.

उज्वला : म्हणजे खरंच येते ती?

सोनाबाई : अक्षदाच्या मागनं आली. पयलं पायरीवर बसायची. पाऊस आला तसं मी म्हटलं, आत ये गो, भिजशील. आत आली. मंग पाळी फिरत फिरत तिच्यावर आली. काय सांगू पोरीला, तू नको वाचू म्हनून?

उज्वला : रावजीबाबांना ठाऊक आहे?

सोनाबाई : घरी सांगितलंय, अक्षदाकडं अभ्यासाला जाते. आईबाप विरारला, म्हातारा एकटा. त्याला काय कळतंय.

अश्वजित : बाई, नऊच नावं लिहा.

उज्वला : आणि दहावी?

अश्वजित : रावजी वरच्या वाडीच्या गावकीतले. गावकीने एखाद्याला वाळीत टाकलं की काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. हा कागद त्यांच्या हातात जाणार. त्यात नातीचं नाव विहाराच्या यादीत.

उज्वला : तिचं नाव नाही लिहिलं तर तिच्या आकड्याचं काय होईल?

अश्वजित : तिचे शब्द सगळ्यांत जास्त वाढलेत. चव्वेचाळीस. विहारात नव्हती, तास नव्हता, मग शिकली कशी? परत तेच म्हणणार, उतारा फुटला.

उज्वला : म्हणजे पोरीने चोरून वाचलं, असं होणार.

सोनाबाई : चोरून? रोज माज्यासमोर घाम फुटायचा तिला एकेका वळीला!

उज्वला : तिच्या घामाला मी चोरी नाही म्हणू देणार. पण म्हाताऱ्याला कागदावरून कळायला नको. मी सांगते आधी. नंबर आहे माझ्याकडे. शांत बसा दोघं.

अश्वजित : विचार करा, बाई.

उज्वला : हॅलो, रावजीबाबा? मी शाळेतली उज्वलाबाई. जेवण... हो, चहा झाला. बाबा, एका कागदावर तुमची सही हवीय. वाचनाचा कागद आहे. हो, महाडचे सर आलेत. बाबा, त्यात श्रुतिकाचं नाव आहे. नाही नाही, काही केलं नाही तिने. छान वाचते ती. सगळ्यांत छान. बाबा, ती संध्याकाळी अक्षदाकडे जाते ना, ती घरात नाही बसत. विहारात बसते. ग्रंथ वाचायला. बाबा? ऐकताय ना? आषाढापासून. मलाही आजच कळलं. नाही, कुणी ओढून नेलं नाही. तिचं तीच गेली. तिला रागावू नका. हो. हो, कळतंय मला. तुमची अडचण कळते. बाबा, नाव नाही घातलं तर पोरीवर कॉपीचा आळ येईल, म्हणून... हो. किती वाजता? बरं. ठेवते.

अश्वजित : काय म्हणाले?

उज्वला : आधी विचारलं, सगळ्यांत छान म्हंजे कशी वाचते?

अश्वजित : सही?

उज्वला : करतील. उद्या सकाळी सातला मोरीपाशी येतात. शाळेत नाही, घरी नाही, मोरीपाशी.

सोनाबाई : आनि पोरगी?

उज्वला : आजपासून नाही पाठवणार. म्हणाले, पुनवेला गावकी बसते, मला त्या मानसांत बसायचं हाय, बाई. रागाने नाही म्हणाले. रागाने म्हणाले असते तर मी भांडले असते.

सोनाबाई : आज वाचायची पयली पाळी होती तिची.

अश्वजित : बाई, अजून सही केली नाहीत तुम्ही. अजून पाऊस लिहिता येईल.

उज्वला : पेन चालत नाही तुमचं. आजी, त्या टेबलावरचं द्या. हं. झाली. घ्या तुमचा कागद. वेळेच्या जागी अर्धा तास लिहिलंय, आणि खाली लिहिलंय की एका मुलाचं एका वेळी ऐकलं जातं. रकाना नव्हता, म्हणून समासात लिहिलंय.

अश्वजित : समासातलं कुणी वाचत नाही.

उज्वला : मग तुम्ही वाचून दाखवा उद्या.

अश्वजित : दाखवतो. पण तुमच्या मुलांचं काय? आठ दिवसांनी ग्रंथ संपणार. जूनचा तास गेला. श्रुतिका तर आजच बाहेर. तिसरीतलं मूल आहे, बाई. तीन महिने सोडलं की परत 'कमळ'वर येतं. ते मी खूप शाळांत पाहिलंय.

उज्वला : पाहिलंय मीही. म्हणून विचार करतेय. शाळा पाचला सुटते. मी सव्वापाचची गाडी धरते, ती सोडेन. सहाची आहे. मधला अर्धा तास शाळेतच वाचायचं. चौदाच्या चौदा. शाळेला नाही म्हणायला कुठली गावकी बसत नाही.

सोनाबाई : ग्रंथ आनू शाळंत?

उज्वला : नाही, आजी. ग्रंथ विहारात. शाळेत शाळेची पुस्तकं.

सोनाबाई : पन ती मी कदी ऐकली नायत. पोरगं खड्ड्यात गेलं तर मला कसं कळंल?

उज्वला : नाही कळणार.

अश्वजित : मग आजींना कशाला त्रास? बाई आहेत की.

उज्वला : चौदा मुलं आहेत, सर. मी एकटी. एकाचं ऐकताना तेरा जण खिडकीबाहेर बघतात. आजी समोर बसल्या की कुणाची मान वळत नाही. पण खरं आहे, पुस्तक माहीत नसलं तर त्या तरी काय करणार?

सोनाबाई : मंग मी पन पोरांत शिकाया बसंन. श्रुतिकाच्या बाजूला.